मेट्रनबाईची रिंग

त्या सकाळी मैदानावर पोचले तर दोरी बांधलेली नव्हती. कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीच्या खांबापर्यंत रोज ताणून बांधलेली ती निळी नायलॉनची दोरी, आणि तिच्याखाली कमरेवर हात ठेवून 'आलात का महाराणी!' म्हणून माझं स्वागत करणारी एक काटकुळी बाई... दोन्ही जागेवर नव्हत्या. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, सापडली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या आधी आले होते. आज हिला असं फैलावर घेते की ज्याचं नाव ते, असं मनाशी जुळवत मी कडुनिंबाच्या पारावर बसले. आमच्या खेळातली लता आली, नसीमभाभी आल्या, कॅम्पातल्या जवानांची तुकडी धापा टाकत पळून गेली, चांगलं उजाडलं. आणि मग तिचा भाचा सामू येताना दिसला. हा पोरगा कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा मोटरसायकल काढतो, पण त्या दिवशी तो चालत येत होता, आणि खूप हळू. "काकू, आत्या गेली," तो म्हणाला. "खाटेवर बूट घालायला बसली होती. एक घातला होता. मी चहा घेऊन गेलो तर भिंतीला टेकून..." पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. माझी रागवायला म्हणून जुळवलेली वाक्यं तशीच तोंडात राहिली.

वाचक म्हणतील, ही कोण बाई? बरोबर आहे, तिच्या नावाची पाटी कुठे लागलेली नाही. तिचं नाव एस्तेर. पण ते नाव चर्चमध्ये आणि आधार कार्डावर. भिंगारमध्ये तिला लहानथोर सगळे मेट्रनबाई म्हणत. मुलींच्या एका वसतिगृहात तिची अख्खी नोकरी झाली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणायची, "इतक्या पोरींच्या वेण्या घातल्या, इतक्यांच्या उवा काढल्या. आणखी हौस कसली राहिलीय?" मूळची तिसगावकडची. एरवी बोलायची तुमच्या-आमच्यासारखंच, पण चिडली की तिकडची बोली बाहेर पडायची, आणि चिडायची तर ती रोजच. निवृत्त झाल्यावर सामूच्या घरात मागच्या खोलीत राहायला आली, ती एक पत्र्याची पेटी आणि एक रबराची लाल रिंग घेऊन. आपण शाळेत खेळायचो ना, तीच रिंग. दोरीवरून पलीकडे टाकायची, पलीकडच्याने ती एका हाताने झेलायची आणि जागेवरूनच लगेच परत टाकायची. वसतिगृहाच्या अंगणात ती आधी शिकायला आलेली मुलगी म्हणून हा खेळ खेळली आणि पुढे मेट्रन म्हणून. इथे आल्यावर गल्लीतल्या पोरींना गोळा करून खेळायला लागली. साठी उलटलेली बाई फ्रॉकातल्या पोरींशी 'आउट, आउट' म्हणून भांडते, हे बघायला लोक दारात उभे राहत.

मी तेव्हा दारातसुद्धा येत नव्हते. आमचे हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. निवृत्तीच्या पैशातून भिंगारात दोन खोल्या आणि वर गच्ची असं आमचं घर झालं, आणि घर अंगवळणी पडतंय न पडतंय तोच हे गेले. मुलगा नितीन पुण्याला. सकाळ कशीबशी जायची, संध्याकाळी टीव्ही असायचा. पण दुपार! दुपारी जेवण झालं, भांडी पालथी घातली की घर अंगावर यायचं. यांची वामकुक्षीची वेळ, यांच्या घोरण्याची वेळ. मग मी शेवेचा डबा घ्यायचे. शेव, फरसाण, कधी भडंग... भूक कसली आलीय, नुसता तोंडाचा चाळा. रडत रडत खायचे हो मी, खोटं कशाला सांगू. वर्षभरात मी अशी काही सुटले की बांगड्या मनगटातून निघेनात. शुगर निघाली. गुडघे बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर हे गुडघे तुम्हाला साथ देणार नाहीत." नितीन म्हणाला, "आई, बास झालं. तुला जिना चढवत नाही, बाजारात जाववत नाही. दिवाळीनंतर पुण्याला चल, घर देऊन टाकू." पोरगा वाईट नाही माझा. काळजीनेच म्हणत होता. पण मला भिंगार सोडायचं नव्हतं. हे घर, हे शेजारी, सकाळी कॅम्पातून ऐकू येणारा बिगुल, हे सोडून चौथ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत बसायचं? आणि 'नाही येत' म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? पायच साथ देत नव्हते.

अशात एका संध्याकाळी ती रिंग आमच्या गच्चीवर पडली. फाटकातून हाक आली, "शालनबाई, रिंग टाका खाली!" मी आतूनच ओरडले, "मला जिना चढवत नाही, तुम्हीच जाऊन घ्या." ती तडातडा वर गेली. पण लवकर खाली येईना. आली ती रिंग मनगटात अडकवून, आणि थेट माझ्या समोर येऊन उभी राहिली. "वरच्या कुंड्या कुणाच्या?" मी म्हटलं, "यांच्या." "सगळ्या झाडांच्या वाळून काटक्या झाल्यात. कधी गेला होतात वर?" मला आठवतच नव्हतं. ती म्हणाली, "उद्या सकाळी सहाला मैदानावर या." मी चिडले. म्हटलं, "अहो, कळतं का तुम्हाला, मला चालवत नाही." तशी ती माझ्यापेक्षा चिडली. "चालायला कोन म्हनतंय? उभं ऱ्हायचं. मी टाकीन, तुमी झेलायचं. काय झालं न्हाई तुमाला, बसून बसून सांधं आखडल्यात!" आणि गेली. एवढं तोंड टाकून मला माझ्या सासूनंतर कुणी बोललं नव्हतं. रात्रभर धुसफुसले, आणि सकाळी तिला चार शब्द सुनवायला म्हणून मैदानावर गेले.

तिने माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. म्हणजे मी येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधी खुर्चीत बसून झेलणं, मग उठून झेलणं, मग दोन पावलं पुढे येऊन. जवानांची तुकडी जाताना त्यातली पोरं खुदुखुदु हसायची. खुर्चीत बसलेली एक गोल बाई आणि समोरून तिला रिंग मारणारी एक काडी, हसणार नाहीत तर काय! तिचा एकच नियम कडक होता. रिंग हातात आली की लगेच टाकायची. मी आपली झेलली की छातीशी धरून उभी, तेवढाच दम खायला मिळतो म्हणून. की ओरडलीच, "धरून काय ठिवलीस? टाक की!" त्या ओरडण्यात 'तुम्ही'ची 'तू' कधी झाले मला कळलं नाही. मग मीही तिला 'तू' म्हणायला लागले, पण 'मेट्रनबाई' काही सुटलं नाही. 'मेट्रनबाई, गप बस गं,' असं आमचं चालायचं.

हळूहळू लता आली. ती गल्लीतलीच, पोळी-भाजीचे डबे देणारी, दिवसभर शेगडीपुढे उभी राहून पाठ धरलेली. मग नसीमभाभी आल्या, त्यांचं बाजारात बांगड्यांचं दुकान आणि दिवसभर गल्ल्यावर बसून त्यांचंही माझ्यासारखंच झालेलं. आम्ही तिघी जाड्या आणि एक ती, अशी फौज. वजन उतरवायचं म्हणून आम्ही काय काय केलं म्हणता! मोबाईलवर येणारं निम्मं शहाणपण आमच्या पोटात गेलं. जिऱ्याचं पाणी झालं, मेथीचं पाणी झालं, दुधीचा रस झाला. दुधीच्या रसाने लता दोन दिवस डबे देऊ शकली नाही, तेव्हा ते थांबलं. मग मीच एक दिवस म्हटलं, हे असले उपद्व्याप कशाला, आपल्यात उपवास आहेत की! सोमवार धरू, चतुर्थी धरू, एकादशी धरू. पोटाला आराम मिळेल आणि पुण्यही पदरात पडेल. लता लगेच तयार झाली. मेट्रनबाई म्हणाली, "मी पण धरते तुमचा उपवास. बघू तरी काय असतं ते."

झालं. खेळ संपला की पारावर आमची पंगत बसायला लागली. मी साबुदाण्याची खिचडी आणायचे, दाण्याचं कूट सढळ, तूप त्याहून सढळ. लता भगर आणि दाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस. नसीमभाभींचा उपवास नसायचा, पण 'चाखून बघते हां' म्हणत त्या आमच्याहून जास्त चाखायच्या. मेट्रनबाईने पहिल्या दिवशी ताटलीभर खिचडी खाल्ली, वर राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, पाणी प्यायली, आणि शांतपणे विचारलं, "याला तुम्ही उपवास म्हणता? मग जेवण कशाला म्हणता?" आम्ही हसलो. पण खिचडी काही थांबली नाही. देवाचं नाव होतं ना त्यात! सोमवारची वाट बघायला लागलो आम्ही. असे दोनेक महिने भक्तिभावाने काढले आणि वजन करायला गिरणीत गेलो. आमचा काटा म्हणजे गिरणीतला पोत्यांचा काटा, कारण तिथे पैसे पडत नाहीत आणि दळणाच्या निमित्ताने जाणं होतंच. मी काट्यावर चढले. गिरणीवाला आकड्याकडे बघून अगदी आदबीने म्हणाला, "काकू, दळणाचा डबा खाली ठेवा की, मग करू." मी म्हटलं, "डबा खालीच आहे." नसीमभाभी भिंतीला धरून खाली बसल्या हसत. लता तर काट्यावर चढलीच नाही. मी मात्र घरी येऊन रडले. दिवाळी जवळ येत चालली होती, नितीनचा फोन आला की तोच विषय निघायचा, आणि माझे गुडघे होते तिथेच होते.

ती नुसती हसून सोडून देईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी खेळ झाल्यावर पारावर बसून म्हणाली, "आमच्यात ईस्टरच्या आधी उपवासाचे चाळीस दिवस असतात. माझी आई पाळायची. आमच्याकडे खायला असं किती असायचं? म्हणून ती म्हणायची, एकच गोष्ट सोडायची. पण आवडीची सोडायची. नावडती सोडली तर देवाला काय फसवताय! आता ईस्टर नाही, पण देव काय तारीख बघतो का? चला, बोला, कोण काय सोडतंय." लता म्हणाली, तळण. नसीमभाभी म्हणाल्या, "रोजे मैं रखती ही हूँ, पर शाम को भजिये पे ऐसी टूट पडती हूँ, की पूछो मत. मी भजी सोडते." मग माझ्यावर आलं. चहातली साखर, असं म्हणायचं होतं. साखर कारखान्याच्या बेलापूरची मी, लहानपणापासून गोड चहावर वाढलेली, तीच माझी आवडीची गोष्ट असं कुणीही म्हटलं असतं. पण तोंडातून निघालं, "दुपारची शेव." आणि मग ते दुपारचं सगळं सांगितलं मी. यांचं घोरणं, पालथी भांडी, डबा, सगळं. कुणालाच सांगितलं नव्हतं तोवर, नितीनलासुद्धा नाही. नसीमभाभींनी माझा हात हातात घेतला. मेट्रनबाईला लताने विचारलं, "आणि तुम्ही हो? तुम्ही काय सोडणार? तुमच्या अंगावर आहे काय उतरायला?" ती म्हणाली, "मी दुपारची झोप सोडते."

आम्हाला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण सामूने मला नंतर सांगितलं, आत्याची दुपारची झोप म्हणजे घरात कडक कायदा. वसतिगृहात जन्म गेला तिचा, पहाटेपासून रात्रीपर्यंत घंटा आणि पोरी. मुली शाळेत गेल्या की दुपारचा तो एक तास काय तो तिचा स्वतःचा. खोलीचं दार लावून झोपायची. त्या तासाला वॉर्डनसुद्धा दार वाजवत नसे. ती झोप तिने सोडली, आणि त्याच दिवशी, माझी भांडी पालथी पडतात न पडतात तोच, उन्हातून डोक्यावर पदर घेऊन माझ्या फाटकात उभी. "चला, जिना," म्हणाली. मी एक पायरी चढायची, दुसरा पाय त्याच पायरीवर आणायचा, मग पुढची. ती माझ्या मागे. पडले असते तर त्या काडीने मला काय सावरलं असतं, दोघी मिळून खाली आलो असतो! पण ती मागे आहे म्हटल्यावर भीती वाटायची नाही. अर्ध्यात बसायचो, गप्पा मारायचो, परत उठायचो. पहिल्यांदा गच्चीवर पोचले त्या दुपारी यांच्या वाळक्या कुंड्या बघून मी मोठ्याने रडले. तिने रडू दिलं. मग पदर खोचून म्हणाली, "रडून झालं असंल तर माती उकरू." आम्ही दोघींनी माती उकरली. पुढच्या दुपारी ती कुठून तरी पुदिना आणि तुळशीची रोपं घेऊन आली. एका ख्रिस्ती बाईने माझ्या गच्चीवर तुळस लावली, आणि रोज पाणी घालायला वर जावं लागावं म्हणून खाली एकही कुंडी ठेवू दिली नाही.

ठरवलेले चाळीस दिवस संपले. मी म्हटलं, "मेट्रनबाई, आता झोपत जा गं दुपारची, पाळलंस की तू." म्हणाली, "आता झोप येत नाही. सवय मोडली." खोटारडी! माझ्या पायरीवर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायचे, मान कलायची, आणि मी हलले की दचकून म्हणायची, "झोपले नव्हते, विचार करत होते." ती शेवटपर्यंत माझ्याकडे येत राहिली. काय म्हणायचं याला? सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही. आणि हे मी तिला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, 'चल, जिना.'

वजन उतरलं. भराभर नाही, पण बांगड्या निघायला लागल्या, नसीमभाभींनी लहान माप चढवलं. चढाउतरायला लागल्यावर गुडघ्यांनीही कुरकुर कमी केली. दिवाळीला नितीन आला तो मनाशी सगळं ठरवून आला होता. दार उघडं, घरात कुणी नाही. "आई, आई" करत अंगणात आला तर मी गच्चीच्या जिन्यावरून, डोक्यावर वाळवलेल्या पोह्यांचं ताट घेऊन, एका पायरीवर एक पाऊल टाकत उतरत होते. तो बघतच राहिला. तेवढ्यात मेट्रनबाई आली. त्याने लाडीगोडीने विषय काढून पाहिला, "मावशी, तुम्हीच सांगा हिला." ती म्हणाली, "बाबा, तुझी आई माझ्या टीममध्ये आहे. सामना चालू असताना खेळाडू देत नसतात." नितीन हसला. त्या वर्षी घराचा विषय निघाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी माझ्या घरात राहिले ती अशी. मग उन्हाळ्यात आम्ही चौघी डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालापर्यंत चढून गेलो, वर वाऱ्यात बसून काकड्या खाल्ल्या. त्या दिवशी ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघ, आलीस का न्हाई?" तेवढीच काय ती तिने केलेली स्तुती.

तिच्या मातीला सगळं भिंगार लोटलं होतं. साड्या नेसलेल्या, जीन्स घातलेल्या, केस पिकलेल्या कितीतरी बायका हुंदके देत होत्या. तिच्या वसतिगृहातल्या पोरी होत्या त्या. पेटी कबरीत उतरवत असताना माझ्या मागे दोन बायका कुजबुजत होत्या. "एवढी खेळायची, एवढं मोजूनमापून खायची. काय उपयोग झाला? गेलीच ना." माझं डोकं असं फिरलं म्हणता! जागा कुठली, वेळ कुठली, काही न बघता मी मागे वळले. म्हटलं, "अहो बाई, ती स्वतःच्या पायांनी चालली, स्वतःच्या हाताने जेवली, शेवटच्या सकाळी स्वतःचे बूट स्वतः घालत होती. तिला दुसऱ्यांनी उचललं ते फक्त आज. आणखी काय उपयोग पाहिजे?"  नसीमभाभींनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. तिथे एवढं फणकारून बोलले खरी... पण घरी आल्यावर मलाच ते पटेनासं झालं.

सामूने दुसऱ्या दिवशी रिंग आणि दोरीचं भेंडोळं आणून दिलं. "आत्याचं सामान. तुमच्याकडेच बरं," म्हणाला. मी ते दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि मैदानावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. लता आणि नसीमभाभी येऊन बसून गेल्या, पण त्यांनाही दोरी मागवेना. दुपारी भांडी पालथी पडली की मी फाटकाकडे बघायचे. फाटक वाजायचं नाही. एका दुपारी मी दुकानातून शेव आणवली. डबा मांडीवर घेऊन बसले आणि खाल्ली, रडत रडत, पूर्वीसारखीच. गच्चीवरची तुळस माना टाकायला लागली असेल, हे कळत होतं तरी उठवत नव्हतं. नितीनचा फोन आला तेव्हा मीच म्हटलं, "ये रे, घेऊन जा मला."

तो रविवारी सकाळी सकाळीच गाडी घेऊन आला. माझी बॅग दाराशी. निघताना दार ओढलं तर खिळ्यावरची रिंग हाताला लागली. म्हटलं, ही आपल्याबरोबर पुण्याला जाऊन काय करणार? दोरीसकट लताच्या हवाली करून येऊ. नितीनला म्हटलं, "तू चहा घे, मी आलेच." मैदानावर लता आणि नसीमभाभी पारावर नुसत्याच बसल्या होत्या. रोज येऊन अशाच बसत होत्या म्हणे, मला माहीतच नव्हतं. मी रिंग पुढे केली. लता हात पुढे करेना. म्हणाली, "तुम्हीच बांधा वहिनी दोरी. आज तरी बांधा. मग जा." मी बांधली. तिच्यासारखी गाठ मला जमली नाही, दोरी मधोमध झोळीसारखी लोंबत होती. नसीमभाभींनी टाकली, मी झेलली, लताने झेलली.  अंग जड झालं होतं, दम लागत होता, पण हात विसरले नव्हते. मग लताची एक फेक भलतीकडेच गेली, रिंग जमिनीवरून घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली, आणि कुणीतरी वाकून ती उचलली. नितीन होता. मला शोधत आला होता. केव्हापासून उभा होता कोण जाणे. रिंग दोन्ही हातांत छातीशी धरून तो माझ्याकडे बघत होता. मी घामाने निथळत होते, पदर खोचलेला, केस सुटलेले. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "आई..."

आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ सांगते, माझ्या ध्यानीमनी नसताना निघालं, "धरून काय ठिवलीस? टाक की!"

लताने तोंडावर हात ठेवला. तो स्वर माझा नव्हताच.  नितीनने रिंग टाकली, दोरीवरून, बरोबर माझ्या हातात.

संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला. जाताना बॅग त्यानेच उचलून आत ठेवली. म्हणाला, "गच्चीतली तुळस वाळलीय आई, पाणी घाल." मी जिना चढले, मधे दोनदा बसले, पण चढले. उरलेली शेव आता डब्यातून काढून कावळ्यांना टाकते आहे, रोज थोडी थोडी.

हे मी दुपारी लिहिते आहे, भांडी पालथी घालून, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून. ती टेकायची तिथे भिंतीवर तिच्या खोबरेलाचा डाग आहे. तो मी पुसत नाही. रिंग दारामागच्या खिळ्याला आहे. लाल रंग उडालाय तिचा, एका जागी चीर गेली होती तिथे तिने पंक्चरवाल्याकडून सोल्युशन लावून घेतलं होतं. बोट फिरवलं की तो खडबडीतपणा लागतो. लता म्हणते, नवी घेऊ. मी म्हटलं, बघू. उद्या दोरी मलाच बांधायची आहे, म्हणजे सहाच्या आधी मैदानावर पोचायला हवं. उशीर झालेला मेट्रनबाईला चालत नाही.